अक्षरं बिघडली म्हणून विंडोज टाकू नका

तालुक्याच्या गावी कोणत्याही कम्प्युटरच्या दुकानात लॅपटॉप ठेवून म्हणा, "भाऊ, मराठी बराबर दिसून नाही राह्यलं." दुकानदार स्क्रीनवर एक नजर टाकतो आणि सांगतो, "विंडोज मारा लागते." मग सी ड्राइव्हमध्ये काय होतं, डीमध्ये काय होतं, ग्रामसभेचे ठराव कुठल्या फोल्डरात होते याची शोधाशोध होते. विंडोज नव्यानं पडतं, पैसे जातात. घरी येऊन तीच फाइल उघडली की तोच कचरा पुन्हा समोर. वरून आधी जो एखादा कामाचा फॉन्ट लॅपटॉपमध्ये होता, तोही आता पुसला गेलेला.

दुकानदार लबाड असतो असं नाही. त्याला हा एकच इलाज ठाऊक असतो आणि दहा वेगळ्या आजारांवर तो तोच देतो. अक्षरं बिघडण्याचे प्रकार मात्र खरंच वेगवेगळे आहेत. चौकोन दिसणं वेगळं, इंग्रजी अक्षरांची खिचडी वेगळी, प्रश्नचिन्हांची रांग वेगळी, जोडाक्षर तुटणं वेगळं, आणि मजकूर पूर्ण गायब होणं तर अगदीच वेगळं. कचरा कसा दिसतो यावरूनच दुखणं कुठं आहे ते कळतं. म्हणून घाईनं काही करू नका. स्क्रीनचा मोबाइलवर एक फोटो काढा आणि फाइल सेव्ह न करता बंद करा. सेव्ह न करण्याचा आग्रह का, ते पुढं येईलच.

अक्षर स्क्रीनवर येतं कसं

कम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. तुम्ही 'क' टाइप केला की फाइलमध्ये 'क' चं चित्र जात नाही, त्याचा क्रमांक जातो. जगातल्या बहुतेक लिप्यांतल्या अक्षरांना असे क्रमांक देणारी यादी म्हणजे युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यात देवनागरीला सलग १२८ जागा आहेत. 'क' चा क्रमांक २३२५ आणि 'म' चा २३५०. नागपुरात असो की न्यूयॉर्कमध्ये, २३५० म्हणजे 'म' च.

क्रमांक मिळाला की त्याचं चित्र लागतं. ती चित्रं फॉन्टमध्ये असतात. मराठीत एवढ्यावर भागत नाही. 'वि' लिहिताना फाइलमध्ये आधी व आणि मग वेलांटी असते, पण स्क्रीनवर वेलांटी डावीकडं काढावी लागते. 'वर्धा' मधला र उचलून धाच्या डोक्यावर न्यावा लागतो. ही जुळणी करणारा सॉफ्टवेअरचा एक वेगळा भाग असतो. क्रमांक, चित्र, जुळणी, आणि शेवटी प्रत्यक्ष स्क्रीन. या चारपैकी कुठं घोडं अडलं ते शोधायचं, बाकी लेख याचाच आहे.

इंग्रजी खिचडी: आपल्याकडचं सगळ्यात मोठं दुखणं

जुनी पाणीपट्टीची यादी उघडली आणि नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन भरणा दिसला, तर ती फाइल बिघडलेली नाही, हे आधी लक्षात घ्या. ती युनिकोडच्या आधीच्या पद्धतीनं लिहिलेली आहे.

झालं असं, की युनिकोडची यादी आली तरी ती आपल्या टेबलापर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली. विंडोजमध्ये मंगल हा देवनागरी फॉन्ट आला तो विंडोज २००० पासून. पण मराठीत छापायचं तर त्याच्याही आधीपासून होतं. मग कंपन्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक तसेच ठेवले आणि फॉन्टमध्ये त्या जागी मराठी चित्रं काढली. तुरीच्या पोत्यावर सोयाबीनचं लेबल शिवावं तसं: लेबल आहे तोवर सगळे सोयाबीन म्हणतात, लेबल निघालं की आतली तूर दिसते. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, आकृती, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरबरोबर येणारे डीव्हीबी-टीटी सुरेख आणि योगेश, हे सगळे या जातीचे.

कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलं तर फाइलमध्ये प्रत्यक्षात पाच इंग्रजी अक्षरं बसतात: ई, जे, के, मोठी बी आणि एच. 'गाव' म्हणजे एक्स, के, ओ. लॅपटॉपमध्ये कृतिदेव असेल तर गाव दिसतं, नसेल तर नुसतं एक्स-के-ओ. व्हॉट्सॲपवर किंवा एखाद्या सरकारी पोर्टलच्या चौकटीत हा मजकूर चिकटवला की तिथंही खिचडीच दिसते, कारण साध्या मजकुराबरोबर फॉन्ट प्रवास करत नाही, फक्त क्रमांक जातात. "वर्डमध्ये तर बरोबर दिसते, फॉर्ममध्ये टाकलं की काहून बिघडते?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

हे फॉन्ट आपल्या विदर्भात अजून टिकून आहेत, आणि मला त्यात नवल वाटत नाही. कृतिदेवची कळफलक-मांडणी रेमिंग्टन टाइपरायटरची. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये खटखट करत ज्यांनी मराठी तीसची परीक्षा दिली, त्यांची बोटं त्याच मांडणीवर बसलेली आहेत. पत्रिका, फ्लेक्स, पावतीबुकं करणाऱ्यांकडं पेजमेकर हे छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर होतं, आणि पेजमेकरला युनिकोड मराठी कधी जमलंच नाही. त्यामुळं ठराव, दाखले, सोसायटीचे अहवाल, वर्गणीच्या याद्या, सगळं त्या फॉन्टांत पडून आहे.

ओळखायचं कसं? मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथं मराठी दिसलं तर तो युनिकोड आहे. इंग्रजी दिसलं तर जुना फॉन्ट. कोणता जुना फॉन्ट, ते वर्ड किंवा एक्सेलमध्ये त्या मजकुरावर क्लिक करून होम टॅबवरच्या फॉन्टच्या चौकटीत पाहा. फॉन्ट लॅपटॉपमध्ये नसला तरी त्याचं नाव तिथं टिकून असतं. हे नाव कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

नुसती फाइल वाचायची किंवा छापायची असेल तर तोच फॉन्ट मिळवा, त्याच्या फाइलवर राइट क्लिक करा आणि इन्स्टॉल म्हणा. जमलं तर सगळ्या युजर्ससाठी इन्स्टॉल करण्याचा पर्याय निवडा. विंडोज १० आणि ११ मध्ये साधं इन्स्टॉल म्हटलं की फॉन्ट फक्त तुमच्या खात्यापुरता बसतो, आणि काही जुन्या प्रोग्रॅमना तो सापडत नाही. श्रीलिपी विकतची आहे, तिची चोरीची प्रत पेनड्राइव्हवर फिरवणाऱ्यांपासून जपा. फॉन्टबरोबर व्हायरसही येतो.

माहिती पुढं वापरायची असेल, म्हणजे यादी पोर्टलवर चढवायची किंवा व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल, तर ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक जुन्या फॉन्टची चित्रांची मांडणी वेगळी आहे. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवच्या कन्व्हर्टरमध्ये घातला तर खिचडीची दुसरी खिचडी होते. आणि अख्खी एक्सेल शीट एकदम टाकू नका. आयएफएससी कोड, ईमेल असला खरा इंग्रजी मजकूरही कन्व्हर्टर जुना फॉन्ट समजतो आणि त्याचं मराठी करून टाकतो. फक्त नावांचा रकाना बदला. शिवाय आधार क्रमांक, खाते क्रमांक असलेला मजकूर कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर चिकटवण्याचं कारणच नाही.

बदलल्यावर तपासणी डोळ्यांनीच करावी लागते. जुन्या फॉन्टांत अक्षरं जशी दिसतात त्याच क्रमानं ठेवलेली असतात. 'मूर्तिजापूर' मध्ये आधी पहिली वेलांटी, मग त, मग वरचा रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: र, त, मग वेलांटी. कन्व्हर्टरला ही उलटापालट करावी लागते, आणि वेलांटी व रफार एकत्र आले की कच्चा कन्व्हर्टर तिथंच चुकतो. आपल्या भागाचं एक बरं आहे, तपासायला नावांची कमी नाही. वर्धा, आर्वी, मोर्शी, आर्णी, दर्यापूर, मूर्तिजापूर एवढी सुखरूप पार पडली तर बाकीची यादी बहुधा ठीक असते.

एक अक्षर मात्र हटकून मार खातं. वऱ्हाड, पऱ्हाटी, शेतकऱ्यांना, यांच्यातला तो अर्धा चंद्रासारखा र. हिंदीला त्याची गरज पडत नाही, त्यामुळं हिंदी डोळ्यांपुढं ठेवून केलेल्या साधनांत तो सापडत नाही. मग लोकांनी जुगाड म्हणून त्या जागी साधी आडवी रेघ टाकली. 'शेतक-यांना' असं लिहिलेलं तुम्ही शेकडो ठिकाणी पाहिलं असेल. डोळ्याला चालून जातं, पण कम्प्युटरच्या लेखी ते 'शेतक' आणि 'यांना' असे दोन तुकडे आहेत. शोधायला 'शेतकऱ्यांना' टाकलं तर ती ओळ सापडणार नाही. इनस्क्रिप्ट या विंडोजमधल्या प्रमाण मराठी कळफलकावर हा र काढायला शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग पुढचं अक्षर. जुन्या याद्या बदलताना फाइंड-रिप्लेसनं ही आडवी रेघ एकेक करून बदलावी, सरसकट नको. नाहीतर २०२४-२५ मधली रेघही र होऊन बसेल.

बोटं रेमिंग्टनवर बसली आहेत म्हणून कृतिदेव सोडवत नाही, असं म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं: मायक्रोसॉफ्टच्या भाषा इंडियाचं 'मराठी इंडिक इनपुट' हे साधन फुकट आहे आणि त्यात रेमिंग्टनची मांडणी निवडता येते. कळा त्याच, फाइलमध्ये मात्र युनिकोड. टायपिंग न शिकलेल्यांसाठी विंडोज १० च्या २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कळफलक विंडोजमध्येच आला आहे. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की तो निवडता येतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करायची.

चौकोन

अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसला तर आनंदाची गोष्ट आहे. क्रमांक शाबूत आहे, फक्त त्याचं चित्र या लॅपटॉपमधल्या फॉन्टांत नाही. गूगलच्या नोटो फॉन्टचं नावच त्या चौकोनांवरून पडलं आहे. अशा चौकोनांना तिकडं टोफू म्हणतात, आणि टोफू नको, म्हणजे 'नो टोफू', म्हणून नोटो.

विंडोज ८ पासून निर्मला यूआय हा फॉन्ट आत असतोच, त्यामुळं सगळाच मराठी मजकूर चौकोनात दिसणं आता कमी झालं आहे. पण विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट वेगळे काढले आहेत. जुनी फाइल मंगलमध्ये असेल आणि मांडणी बदललेली दिसत असेल, तर सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स शोधा, फीचर जोडा म्हणा आणि 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घ्या. इंटरनेट लागतं, तेव्हा रेंज असेल त्या वेळी करा. लिनक्स वापरत असाल, तर नोटोचा किंवा लोहित देवनागरीचा पॅकेज टाका, काम झालं.

एखाद-दुसराच चौकोन दिसण्याची कारणं मजेदार आहेत. 'ॲप' मधला ॲ हा स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या फॉन्टांत त्याचं चित्रच नाही, म्हणून शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर चौकोन आणि मग 'प' दिसतो. जुने लोक 'अ' वर चंद्र देऊन 'अॅ' लिहीत. डोळ्याला दोन्ही सारखे, क्रमांक मात्र वेगळे. यादीत 'ॲड.' शोधून वकिलाचं नाव सापडलं नाही, तर दुसऱ्या पद्धतीनंही शोधून पाहा.

रुपयाच्या चिन्हाचंही तसंच. केंद्र सरकारनं ते १५ जुलै २०१० ला स्वीकारलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये गेलं. विंडोज ७ त्याच्या आधीची, २००९ ची. अपडेट कधीच न केलेल्या विंडोज ७ च्या लॅपटॉपवर म्हणूनच बिलावर चौकोन आणि पुढं रक्कम दिसते. त्या दिवसांत फोरॅडियन नावाच्या मंगळुरूच्या कंपनीनं टॅबच्या वरच्या कळीवर रुपयाचं चित्र बसवलेला फॉन्ट फुकट दिला होता. पुन्हा तीच लेबल बदलण्याची युक्ती. जुन्या कोटेशनमध्ये रकमेआधी बारीकसा तिरका टिंब दिसत असेल तर तो त्या फॉन्टातला रुपया आहे.

एक्सेलमधला परदेशी पसारा

पोर्टलवरून लाभार्थ्यांची यादी सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलमध्ये, उतरवली, डबल क्लिक केलं, आणि नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले ए, चार पायांची गोल चिन्हं, जपानी येनची चिन्हं यांचा सडा. हा प्रकार दिसायला सगळ्यात भयंकर आणि सुधारायला सगळ्यात सोपा.

युनिकोडचा क्रमांक फाइलमध्ये साठवायची रूढ पद्धत यूटीएफ-८. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइट घेतं. एक्सेलला कोणी सांगितलं नाही तर ते जुन्या पाश्चात्त्य यादीनुसार प्रत्येक बाइट हे एक स्वतंत्र अक्षर समजतं. एका 'म' ची तीन चिन्हं होतात: रेघेचा ए, चार पायांचं गोल, आणि गोलातला आर. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट तोच, म्हणून तो रेघेचा ए पुन्हा पुन्हा दिसतो. ही खूण दिसली की समजा, मूळ मजकूर ठणठणीत आहे.

ती फाइल बंद करा. रिकामं एक्सेल उघडा, डेटा टॅबवर 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल निवडा, आणि 'फाइल ओरिजिन' च्या यादीत ६५००१ क्रमांकाचं युनिकोड यूटीएफ-८ निवडा. खालच्या नमुन्यात मराठी नावं दिसली की लोड करा. जुन्या एक्सेलमध्ये हे नसेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा, सेव्ह ॲज म्हणा आणि एन्कोडिंगमध्ये 'यूटीएफ-८ विथ बीओएम' निवडून नव्या नावानं ठेवा. आता डबल क्लिक चालेल. खाते क्रमांकांचा रकाना मात्र आणतानाच टेक्स्ट करून घ्या. एक्सेल सुरुवातीची शून्यं खातं, आणि १५ पेक्षा जास्त आकडे असले तर पुढच्या आकड्यांची शून्यं करतं. नाव मराठीत बरोबर आलं आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात, असं नको. रकान्यात नुसते हॅशचे चट्टे दिसत असतील तर काही बिघडलेलं नाही, रकाना रुंद करा.

वेबसाइटवर असाच पसारा दिसला तर फायरफॉक्समध्ये पान उघडून व्ह्यू मेनूतलं 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबून पाहा.

आता प्रश्नचिन्हं. नाव, पत्ता, गाव सगळीकडं प्रश्नचिन्हांच्या रांगा असतील तर त्या फाइलमधला मजकूर गेला. कोणीतरी ती जुन्या एएनएसआय पद्धतीनं सेव्ह केली. त्या पद्धतीत मराठीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी खरंखुरं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. फॉन्ट टाका, कन्व्हर्टर लावा, विंडोज टाका, ते परत येत नाही. मूळ प्रत ज्यांच्याकडून आली त्यांच्याकडून पुन्हा मागवा. २०१९ च्या त्याच अपडेटपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं, पण त्याआधीचं नोटपॅड एएनएसआय धरून चालायचं. इशारा यायचा आणि लोक ओके दाबून मोकळे व्हायचे. सेव्ह न करता बंद करा म्हटलं ते याचसाठी.

तुटलेली जोडाक्षरं

'विदर्भ' हा शब्द 'वदिर् भ' सारखा दिसतो, जोडाक्षरांत पाय मोडलेले दिसतात, वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते. इथं क्रमांकही बरोबर, चित्रंही आहेत, जुळणी करणारा भाग नाही. बिलं, पावत्या, गुणपत्रिका छापणाऱ्या स्वस्त सॉफ्टवेअरमध्ये हे फार दिसतं. तुम्ही कितीही फॉन्ट टाकले तरी फरक पडणार नाही. ज्यानं सॉफ्टवेअर विकलं त्याच्याच मागं लागायचं. तोवर मजकूर वर्डमध्ये नेऊन छापा. फोटोशॉपमध्ये फ्लेक्स करणाऱ्यांना मात्र उपाय आहे: प्रेफरन्सेसमध्ये टाइप या विभागात काही आवृत्त्यांत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन', काहींत 'वर्ल्ड-रेडी लेआउट' असा पर्याय असतो. तो निवडून प्रोग्रॅम बंद करून नवी फाइल घ्या.

वेलांटीजवळ ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर तो टाइप करणाऱ्याचा हात आहे. टाइपरायटरच्या सवयीनं वेलांटी आधी आणि अक्षर नंतर दाबलं गेलं. युनिकोडच्या इनस्क्रिप्टवर अक्षर आधी, वेलांटी नंतर.

पीडीएफ स्क्रीनवर ठीक आणि प्रिंटरमधून चौकोन, हाही नेहमीचा ताप. ॲडोबी रीडरमध्ये प्रिंटच्या खिडकीत ॲडव्हान्स्ड दाबा आणि 'प्रिंट ॲज इमेज' वर खूण करा. पान चित्र म्हणून जातं, प्रिंटरला फॉन्ट लागतच नाही. थोडं हळू छापतं, एवढंच. स्वतः पीडीएफ करून पाठवली असेल आणि समोरच्याला वाचता येत नसेल, तर कंट्रोल आणि डी दाबून फॉन्ट्सच्या टॅबमध्ये पाहा. फॉन्टपुढं 'एम्बेडेड' लिहिलेलं नसेल तर तो पीडीएफमध्ये गेलेलाच नाही.

मजकूरच गायब

अक्षरं वाकडी नाहीत, आहेतच नाहीत. मेनू रिकामे, डेस्कटॉपवर चित्रं आहेत पण नावं नाहीत.

घरात लहान पोरं असतील तर आधी एक शक्यता तपासा. डावीकडचं आल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबलं गेलं की विंडोज कमी दिसणाऱ्यांसाठीची गडद रंगसंगती चालू करायची का असं विचारतं. पोरगं एंटर दाबतं. मग काही प्रोग्रॅममध्ये काळ्यावर काळा मजकूर येतो. तेच तीन बटण पुन्हा दाबा.

सगळीकडचीच अक्षरं विचित्र झाली असतील, विशेषतः मोबाइलसारखा फॉन्ट बदलणारं एखादं ॲप टाकल्यानंतर, तर कंट्रोल पॅनेलमध्ये फॉन्ट्स, तिथं फॉन्ट सेटिंग्ज, आणि 'रिस्टोअर डिफॉल्ट फॉन्ट सेटिंग्ज'. त्यानं भागलं नाही तर फॉन्टची कॅश. विंडोज फॉन्टांची माहिती लवकर मिळावी म्हणून एक साठा करून ठेवतं. वीज गेली, बॅटरी मेलेली, लॅपटॉप धाडकन बंद पडला, की हा साठा बिघडू शकतो. आपल्याकडं लोडशेडिंगचं कौतुक सांगायला नको. सर्व्हिसेस उघडून 'विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस' थांबवा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सर्व्हिसप्रोफाइल्स, लोकलसर्व्हिस, ॲपडेटा, लोकल असं जात फॉन्टकॅश फोल्डर गाठा आणि आतल्या फाइली पुसा. लॅपटॉप रीस्टार्ट करा, साठा नव्यानं तयार होतो. फॉन्ट्सच्या मूळ फोल्डरला मात्र हात लावू नका. नाव सारखं वाटतं म्हणून ते पुसून बसलात तर मग खरोखरच विंडोज टाकावं लागेल.

फक्त क्रोममध्येच अक्षरं अर्धवट येत असतील तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून पाहा. सगळ्याच खिडक्यांत तसं असेल तर विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होऊन ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. तात्पुरतं बरं वाटून पुन्हा बिघडलं तर लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्या साइटवरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर घ्या.

शेवटी उरतो खुद्द लॅपटॉप. मजकुरावर आडव्या-उभ्या रेघा, अक्षरांचा अर्धा भाग गायब, रंग फिसकटलेले. हे सॉफ्टवेअर की स्क्रीन, ते ओळखायला एक स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलवर पाठवा. मोबाइलवर तो स्वच्छ दिसला तर संशय स्क्रीनवर किंवा तिच्या केबलवर. दुसरी चाचणी: लॅपटॉप चालू होताच एफ-२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर, जा, काही कंपन्यांत कळ वेगळी असते. तिथं अजून विंडोज सुरूच झालेलं नसतं. तिथलीही अक्षरं फाटलेली असतील तर विंडोजचा संबंधच नाही. तिसरी: घरच्या टीव्हीला एचडीएमआय वायर लावा. टीव्हीवर चित्र साफ आलं तर लॅपटॉपचं ग्राफिक्स ठीक आहे. टीव्हीवरही तसंच फाटकं आलं तर दुखणं मदरबोर्डाकडं जातं, आणि ते महाग असतं.

आपल्याकडचा उन्हाळा इथं भर घालतो. पारा ४५ च्या पुढं गेलेला, टिनाच्या छपराखाली लॅपटॉप गादीवर ठेवलेला, खालच्या जाळीत धूळ, जिनिंगच्या जवळ राहणाऱ्यांकडं रुईचे तंतू. पंखा गुदमरतो, ग्राफिक्सची चिप तापते, आणि दुपारी अक्षरं फाटतात, सकाळी बरी असतात. वेळेनुसार बिघाड बदलत असेल तर आधी पंखा साफ करून घ्या आणि लॅपटॉप पाटावर ठेवून वापरा.

झाकण पुढं-मागं केल्यावर चित्र बदलत असेल तर बिजागरीतून स्क्रीनकडं जाणारी केबल सैल किंवा तुटलेली आहे. दुकानात तीन चाचण्यांचा निकाल सांगा आणि ती केबल काढून पुन्हा बसवून पाहायला लावा. केबल स्क्रीनच्या पॅनेलपेक्षा बरीच स्वस्त पडते, पण "पॅनल गेलं" म्हणणं सोपं असतं, म्हणून पॅनेलचा भाव विचारायच्या आधी केबलचा विचारा.